ताटलीतला रोगी

उंबरवाडीला औषधासाठी येणारा माणूस लांबूनच ओळखू यायचा. तो लंगडत यायचा, नाहीतर एक हात दुसऱ्या हातात तान्ह्या पोरासारखा धरून यायचा, नाहीतर कुणाच्या तरी पाठुंगळी. त्यामुळे भादव्याच्या अखेरीस एक बाई दोन्ही पायांनी सरळ चालत, दोन्ही हात मोकळे सोडून, वर हसत नेरे गावाच्या बाजूने बांधावरून येताना दिसली, तेव्हा कान्हाने ती सरकारी आहे असं धरलं. शिरगणती त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला होऊन गेली होती. पण सरकारचं काय सांगावं, कुणीतरी मोजायचं राहिलं असेल.

मंगळीने, म्हणजे त्याच्या बायकोने, कपाळावर हात धरून एकदा पाहिलं आणि म्हणाली, "गुडघा आला."

मंगळी माणसं जखमांवरून ध्यानात ठेवायची. खालच्या गावचे सरपंच तिच्या लेखी 'काखेतला गळू' होते आणि दूध घालणारा गवळी 'पत्रा लागलेली टाच'. गुडघा म्हणजे कुमुदबाई. पनवेलच्या एका कॉलेजात त्या झाडापानांचं शास्त्र शिकवायच्या. आदल्या पावसाळ्यात मुलांना डोंगर चढताना सांभाळून कसं पाऊल टाकावं हे दाखवत असतानाच त्या घसरल्या, आणि फुटलेल्या गुडघ्यावर मंगळीने सालीचा लेप लावून दिला होता.

"बरा हाय ना?" मंगळीने विचारलं.

"एकदम, मावशी. खूणसुद्धा नाही. फक्त भोवतीनं पंधरा दिवस अशी खाज सुटली होती, की वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवावं लागलं."

"साल तिखट हाय. तुमची कातडी पंख्याखालची. आमाला खाज नाय सुटत."

कुमुदबाई ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि मग म्हणाल्या, "मला ती साल हवी आहे. थोडीशीच."

"कोन पडला?"

"कुणी नाही."

"मग लावनार कोनाला?"

कुमुदबाईंनी सगळं नीट सांगितलं. जखमेत पू होतो तो जंतूंनी. ते डोळ्याला दिसत नाहीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या काचेच्या ताटलीत जंतू वाढवतात, त्यात मधोमध बारीक खड्डा करून झाडाचं औषध ओततात, आणि खड्ड्याभोवतीचे जंतू मरतात का ते बघतात. बावीस झाडांची यादी त्यांनी केली होती आणि त्यावर मोठा प्रबंध लिहायचा होता. मंगळीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिला शंका एकच होती.

"रोग्याचं नाव काय?"

नावाशिवाय साल निघत नसे. आदल्या सांजेला झाडापाशी जायचं, बुंध्याशी तांदळाचे चार दाणे ठेवायचे आणि 'उद्या न्यायला येते, अमक्यासाठी' असं आवतण द्यायचं. बिननावाची साल म्हणजे सरपण.

कुमुदबाईंनी जंतूचं नाव सांगितलं. ते चांगलं हातभर लांब होतं. मंगळीने तीनदा म्हणून बघितलं, तिन्ही वेळा निरनिराळं आलं.

"इंग्रज दिसतो," कान्हा म्हणाला.

मंगळीने आठ दिवसांची मुदत मागून घेतली. अडचण रोग्याची नव्हती, झाडाची होती. ते झाड तिला सासूने दाखवलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. ते ज्या बाईला वारशाने द्यायचं तिनेच बघावं. दुसऱ्या कुणाची नजर पडली की सालीचा गुण उतरतो. मंगळीला मूलबाळ नव्हतं, म्हणून सूनही नव्हती. डोंगर चढताना तिचे गुडघे आताशा मोटेच्या चाकासारखे वाजायचे. आठव्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "बाईला देते. घरातली नाय, पन मागायला तरी तीच आली."

"आन गुन उतरला तं?" कान्हाने विचारलं.

मंगळीने पुढची भाकरी तव्यावर टाकली. भाकरी मात्र एका बाजूने करपली, आणि पंचवीस वर्षांत तिची भाकरी करपलेली कान्हाने पाहिली नव्हती.

---

डोंगरावर तिघं गेली. एका वळणावर मंगळी थांबली आणि कान्हा सवयीने मागे वळून पाठमोरा उभा राहिला. लग्न झाल्यापासून तो असाच उभा राहत आला होता. कोयता त्याने न्यायचा, वाटेतली काटेरी झुडपं त्याने तोडायची, आणि झाड जवळ आलं की खालच्या खोऱ्याकडे तोंड करून गप्प राहायचं. आज मात्र त्याच्या पाठीमागे दोन बायका बोलत होत्या. वीस-पंचवीस वर्षं नवरा पाठमोरा, आणि दोनदा भेटलेली बाई समोरासमोर. कान्हाला राग आला नाही. त्याला फक्त पाठीवर खाज सुटली, आणि ती त्याने कोयत्याच्या मुठीने भागवली.

"लोखंड लावायचं नाय," मागून मंगळी सांगत होती. "दगडानं खरवडायची. ही बघा, आतली तांबडी. बाहेरची नको."

कुमुदबाईंनी एक डहाळी वर्तमानपत्रात दाबून घेतली. झाडाचं नाव मंगळीने सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. वहीत त्यांनी 'नमुना सतरा' एवढंच लिहिलं. "तुम्ही सांगाल तोवर हेच नाव, मावशी," त्या म्हणाल्या. साल त्या लगेच नेणार होत्या. पण मंगळीने हात आवरून धरला.

"अशी नाय न्यायची. तयार करून पाठवते. मंगळवारी हा घेऊन येल."

तयार करणं म्हणजे काय, ते कान्हाला घरी आल्यावर कळलं. मंगळीने सालीच्या चिपा केल्या, राख घालून उकळल्या, मग टोपलीत भरून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दोन दिवस दगडाखाली ठेवल्या. कडू करांद्याच्या कंदांचा कडवटपणा काढायला वाडीत हेच करतात. नाही केलं तर जीभ सुजते.

"साल खायची हाय काय बाईला?" कान्हाने विचारलं.

"हातानं धरंल की. त्या येळेला पंधरा दिस खाजवत होती बिचारी. शिकलेल्या मानसाच्या हाती द्यायची वस्तू, ती चावरी कशी द्यायची?"

तिसऱ्या दिवशी तिने चिपा उन्हात वाळवल्या, त्यातल्या एकसारख्या निवडल्या आणि सागाच्या पानात बांधल्या. पुडी इतकी सुबक झाली, की कान्हाने ती एसटीत मांडीवर न ठेवता पूर्णवेळ दोन्ही हातांत धरली.

---

प्रयोगशाळेच्या दारात दाजी बसले होते. दाजी तिथले सेवक. बशा धुणं, स्टोव्ह पेटवणं आणि येणाऱ्याला 'काय काम आहे' असं विचारून त्याचं काम विसरायला लावणं, ही त्यांची कामं. सगळं कॉलेज त्यांना दाजी म्हणायचं.

"पायताण बाहेर," दाजी म्हणाले.

"पायताण नाय," कान्हा म्हणाला.

दाजींनी पायांकडे पाहिलं. "मग पाय पुसा."

कान्हाने पाय पुसले, मग पायपुसणं झटकलं, आणि आत गेला. कुमुदबाईंनी पुडी सोडली, वास घेतला, आणि "किती सुंदर बांधलीय!" म्हणाल्या. मग त्यांनी एक कपाट उघडून दाखवलं. आतून ऊबदार वाफ आली. फळ्यांवर झाकणाच्या काचेच्या ताटल्या होत्या, ताटलीत चायना ग्रासची वडी थापावी तसा थर, आणि थरावर पिवळसर साय.

"हेच ते जंतू, काका. पुवातले."

कान्हा वाकून बघत राहिला. "ऊब देता?"

"हो. अंगात ताप असतो ना, तेवढी."

"आन खायला?"

"त्या वडीत घातलेलं असतं. मटणाचा अर्क."

कान्हाने शेळ्या पाळणारी माणसं पाहिली होती, कोंबड्या पाळणारी पाहिली होती; पनवेलच्या बाजारात एकदा पांढरे उंदीर पाळणाराही पाहिला होता. रोग पाळणारी माणसं तो पहिल्यांदाच पाहत होता, आणि रोगाला मटण मिळत होतं. त्याच्या घरी ते दिवाळीला मिळायचं, तेही दर दिवाळीला नाही. पण बाई प्रेमळ होत्या, त्यांनी चहा दिला, म्हणून तो काही बोलला नाही.

घरी मंगळीने विचारलं, "रोगी कसा हाय?"

"झ्याक हाय," कान्हा म्हणाला. "गुबगुबीत."

---

दिवाळी झाली आणि गवतकापणी लागली. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत या माळांवरून जातं. पहाटे दंव असताना गवत मऊ असतं तेव्हा कापायचं, ऊन चढलं की पेंढ्या बांधायच्या, दुपारी गंजी रचायची. सारी वाडी वाकलेली. विळ्यांना धार ताजी आणि हात गारठलेले. त्यामुळे गवतकापणी ही थोडीफार बोटांचीही कापणी असते. मंगळीच्या औषधाचा खरा मोसम हाच. सकाळी ती इतरांबरोबर कापायची आणि दुपारी तिच्याभोवती रक्ताळलेली बोटं वर धरून पाचसहा माणसं बसायची. लेप टेकला की जखमेत आग उठायची, माणूस मंगळीला शिव्या घालायचा, आणि दोनतीन दिवसांत जखम भरायची.

अशाच एका रविवारी कुमुदबाई माळावर आल्या. या खेपेला त्या हसत नव्हत्या.

"मावशी, तीनदा करून बघितलं," त्या म्हणाल्या. "साल दळली, आठवडाभर स्पिरिटमध्ये भिजवली, गाळली, ताटलीत ओतली. काही झालं नाही. जंतू अगदी खड्ड्याच्या काठापर्यंत वाढले."

"म्हंजे?"

"म्हणजे शेजारी मी नुसतं पाणी ओतलं होतं, तुलनेसाठी. दोन्हीत काहीच फरक नाही."

बोटं वर धरून बसलेली माणसं ऐकत होती. कुमुदबाईंना ते उशिरा ध्यानात आलं. "तुमचं औषध खोटं आहे असं नाही हं, मावशी. माझा गुडघा—"

"गुडघा आधीचा," मंगळी म्हणाली. "तवा तुमी झाड बघितलं नव्हतं."

तिने विळा उचलला आणि ती पुन्हा कापू लागली. कुमुदबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग बांधाबांधाने गेल्या. पंगतीतून उठावं तशी माणसंही एकेक उठून गेली, बोटं तशीच वर धरून.

त्या दिवसापासून मंगळीने औषध देणं बंद केलं. कुणी आलं की म्हणायची, "गुन उतरला. माझ्या हातून उतरला." ती रडली नाही. पण विळा चालवताना ती मूठभर गवत धरायची तिथे चिमूटभर धरू लागली, संध्याकाळी तिच्या पेंढ्या मोजक्या व्हायच्या आणि मुकादम म्हणायचा, "म्हातारे, गवत कापतेस का भाजी निवडतेस?" यावर एरवी तिने त्याच्या सात पिढ्यांची भाजी निवडली असती. आता ती नुसती वाकायची.

चारच दिवसांनी रूपाच्या अंगठ्याच्या मुळाशी विळा बसला. रूपा शेजारच्या खोपटातली, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली. सगळ्यांनी तिला मंगळीकडे आणली. मंगळीने हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि सोडून दिला.

"दवाखान्यात ने रे हिला. सुई घ्या."

रूपाला नवऱ्याने दवाखान्यात नेलं, धनुर्वाताची सुई झाली, पट्टी झाली, पाच दिवस हाताने काम करायचं नाही असं सांगितलं गेलं. रूपाने ते एकच दिवस पाळलं. तिसऱ्या दिवशी पट्टी गवताच्या रंगाची झाली, चौथ्या दिवशी हात तळव्यापर्यंत फुगला. ती बांधावर बसून एका हाताने पेंढ्यांचे बंध वळायची, मधूनच मंगळीकडे बघायची, काही न म्हणता. तोंडाची फटकळ पोर. ती काही म्हणत नाही, याचंच मंगळीला भय वाटायचं.

"मावशे, लावून तं बघ," एकदा ती म्हणाली.

"पानी लावू काय तुला?" मंगळी म्हणाली. "बाईंनी पान्यासंगं तोलून बघितलं. पानीच हाय त्यो आता."

कान्हा हे गंजीवरून ऐकत होता. तो गंजीवरून उतरला, विहिरीवर गेला, तोंड धुतलं, परत गंजीवर चढला. मग पुन्हा उतरला. मुकादमाने विचारलं, "पोट बिघडलंय का रे?" कान्हा हो म्हणाला. त्याच्या पोटात जे होतं ते पंचवीस वर्षांचं होतं.

---

दुपारी भाकरीच्या वेळी ती दोघं आंब्याखाली बसली होती. माणसं लांब होती.

"मंगळे," कान्हा म्हणाला, "तुझा गुन नाय उतरला."

"गप खा."

"बाईनं बघितल्यानं उतरत नाय."

"तुला काय ठावं? तू काय बघितलंस काय कधी?"

कान्हाने भाकरी खाली ठेवली. मिरची भाकरीवर ठेवली. मिरचीचं देठ सरळ केलं.

"बघितलं," तो म्हणाला.

मंगळीचा घास तोंडातच राहिला.

"लगीन झाल्यावर पयल्याच वर्षी. आईनं तुला नुकतंच दाखवलं होतं. मी पाठ करून हुबा. मागनं खरवडायचा आवाज येत होता. मग थांबला. मला वाटलं, काय झालं. वळून बघितलं."

"आन?"

"तू केस बांधत होतीस."

मंगळीचा हात अंबाड्याकडे गेला.

"झाड बघाया नाय वळलो," कान्हा घाईने म्हणाला. "आईशपथ. तुला बघाया वळलो. झाड मधी आलं."

माळावर एका विळ्याची सळसळ चालली होती. कुणीतरी न जेवता कापत होतं.

"येकदाच?" मंगळीने विचारलं.

कान्हाने मिरचीचं देठ पुन्हा वाकडं केलं. "दर येळेला."

"दर येळेला!"

"पाय घसरंल म्हनून."

"म्हंजे सरपंचाच्या गळवाला पन?"

"हां."

"गवळ्याच्या टाचेला?"

"हां."

"तुज्या सोताच्या पाठीला फोड झाला तवा?"

"तवा तं वळताना लय दुखली."

मंगळी बोटांवर एकेक जखम मोजू लागली. टाचा, पोटऱ्या, हात, कान, काख. सगळ्या भरल्या होत्या. त्या सगळ्यांवर लावलेली साल एका चोरट्या नवऱ्याने बघितलेली होती, आणि तरी त्या भरल्या होत्या. मोजून झाल्यावर ती उठली, कान्हाच्या पुढ्यातली भाकरी उचलली आणि समोरच्या बैलाला घातली. त्यानंतर दिवसभर ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. दिवस मावळायच्या आत जेवायला वाढलं, पण थाळी अशी ठेवली, की आमटी आधी कान्हाच्या गुडघ्यावर पोचली.

पण दिवेलागणीला ती मूठभर तांदूळ घेऊन बाहेर पडली तेव्हा कान्हा काही न विचारता कोयता घेऊन मागे निघाला. झाडापाशी तो वळून उभा राहिला.

"कशाला सोंग करतो आता?" मंगळी म्हणाली. "ये, हे तांदूळ धर."

तिने दाणे ठेवले. आवतणात दोन नावं घेतली. एक रूपाचं. दुसरं तिला येत नव्हतं, म्हणून ती म्हणाली, "आन बाईंच्या ताटलीतल्या त्याच्यासाठी." मग जरा थांबून, "आधी त्याला लावून बघते. रूपाला फसवायची नाय मला."

---

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच साल काढून पहिल्या एसटीने दोघं पनवेलला उतरली. साल ओली, तांबडी, पळसाच्या पानांत गुंडाळलेली. दाजी दारात होते.

"पायताण—" म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि मंगळीचा चेहरा पाहून बाजूला सरकले.

कुमुदबाईंनी साल हातात घेतली, कुस्करून वास घेतला, आणि पाचच मिनिटांत त्या मनगट खाजवू लागल्या. बोटांच्या बेचक्यांत लाल पुरळ उठला.

"हात धुवा, हात धुवा!" मंगळी घाबरी झाली. "तरी म्हनत होते, तुमची कातडी—"

कुमुदबाई हात धुता धुता थांबल्या. नळ तसाच वाहत राहिला. "मावशी, गेल्या वेळी मला काहीच कसं झालं नाही? मी तर ती साल दोन्ही हातांनी दळली होती."

"होईल कसं? हिनं राखेत उकळली, दोन दिस ओढ्यात ठेवली," कान्हाने अभिमानाने सांगितलं. "करांद्यावानी. तुमच्या हाताला तरास नको म्हनून."

कुमुदबाईंनी नळ बंद केला. त्यांनी मंगळीकडे पाहिलं, मग आपल्या लाल हातांकडे पाहिलं. मग स्टुलावर बसल्या आणि इतक्या हसल्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला. पदर लावल्यावर मात्र हसणं नव्हतं.

"काय झालं?" मंगळीने विचारलं.

"मावशी, माझ्यासाठी तुम्ही सालीतलं सगळं औषध ओढ्याला दिलंत हो."

हे कळायला मंगळीला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "मग वढ्यातल्या खेकड्यांचं बरं झालं असंल," आणि खाली बघू लागली. ती अजून मानायला तयार नव्हती. चूक सापडणं निराळं आणि गुण सापडणं निराळं.

या खेपेला साल मंगळीने स्वतः वाटली, आणि वाटता वाटता रूपाच्या हाताचं सांगितलं. कुमुदबाईंनी रस फडक्यातून गाळला, ताटलीतल्या एका खड्ड्यात तो घातला, एकात पाणी, एकात दवाखान्यातलं औषध, आणि ताटली उबेच्या कपाटात ठेवली.

"उद्या याच वेळी," त्या म्हणाल्या. "पण मावशी, त्या मुलीला तोवर पुन्हा दवाखान्यात न्या. हात फुगलाय म्हणता ना?"

रूपाला त्याच दुपारी पुन्हा नेलं. पू काढला, गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी मंगळी आणि कान्हा एसटीला उभी राहिली. सलग दुसरा खाडा. मुकादमाने दोघांची नावं घेऊन काय म्हटलं ते वाडीने त्यांना पोचवलं होतं. मंगळीने वाटेत तीनदा पदर सारखा केला. लग्नाला निघाल्यासारखी नव्हे. शाळेचा निकाल बघायला निघाल्यासारखी, आणि शाळेत ती कधी गेली नव्हती.

कुमुदबाईंनी ताटली खिडकीपाशी उजेडात धरली. पिवळी साय सगळीकडे पसरली होती. पाण्याच्या खड्ड्याभोवती काठापर्यंत साय होती. दवाखान्यातल्या औषधाभोवती मोठं स्वच्छ कडं होतं. आणि तिसऱ्या खड्ड्याभोवती, त्याहून लहान, पण नीट, गोल, आरपार दिसणारं आणखी एक कडं होतं.

"हे तुमचं," कुमुदबाई म्हणाल्या. "इथला एकही जंतू जगलेला नाही."

मंगळी नाकाशी ताटली लागेपर्यंत वाकली. कडं तिला दिसलं. तिचे ओठ हलले. मग तिने बोटाने बाकीची ताटली दाखवली.

"ह्ये?"

"तिथे औषध पोचलेलं नाही."

"मग लावा की."

"नाही मावशी, ही नुसती परीक्षा असते. मोजायचं असतं."

"आर्धाच बरा करून सोडता?" मंगळी चकित झाली. "आन मग फुडं काय करता त्याचं?"

"कुकरात शिजवून फेकतो," दाजींनी दारातून माहिती पुरवली.

मंगळीने कान्हाकडे पाहिलं. एवढी शिकलेली माणसं रोग्याला मटण घालून वाढवतात, ऊब देतात, अर्धा बरा करतात आणि शिजवून टाकतात. पण बाईंची बोटं अजून लाल होती. तिने फक्त उरलेली ओली साल पानात बांधून घेतली आणि विचारलं, "पुढची एसटी किती वाजता?"

"वीस मिनिटांत. मावशी, बसा, चहा तरी—"

"रोगी खोळंबलाय," मंगळी म्हणाली.

---

रूपा आपल्या ओट्यावर बसली होती. सूज थोडी उतरली होती, पण जखमेचं तोंड अजून ओलं, उघडं. मंगळीने हात पाण्याने धुतला, मांडीवर फडकं पसरून त्यावर घेतला. कान्हाने दगडावर साल ठेचली. एवढ्या वर्षांत हे काम त्याने पहिल्यांदाच केलं, आणि पहिल्यांदाच आपलं बोट ठेचून घेतलं. पण आत्ता त्याकडे कुणाचं लक्ष जाणार नव्हतं, म्हणून तो ओरडला नाही.

मंगळीने लेप उचलला. लेप जखमेवर ठेवला, वर पान ठेवलं, आणि तळवा दाबून धरला.

काही झालं नाही.

रूपा तिच्याकडे बघत होती, ती रूपाकडे. वाडीत कुठेतरी कोंबडी फडफडली. मंगळीने श्वास धरून ठेवला होता. कान्हाला तिच्या मानेची शीर उडताना दिसत होती.

मग रूपाचे डोळे मोठे झाले.

"आई गं—! मेले! सोड! निखारा ठेवलास काय गं, थेरडे?"

"आग होते?" मंगळीने घाईने विचारलं.

"आग? अगं तुज्या हाताला किडं पडो, तुजी ती खोपटी जळो, सोड माजा हात—"

"कुठवर होते? कोपरापत्तर?"

"खांद्यापत्तर! तुला वाघ खावो! तुज्या म्हाताऱ्याला पन खावो!"

मंगळीने धरलेला श्वास सोडला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण हात तिने सोडला नाही. दुसऱ्या हाताने पान नीट केलं, दोऱ्याने बांधलं, आणि खाली वाकून त्यावर हळूहळू फुंकर घालू लागली. रूपाने दम घेतला आणि मंगळीच्या माहेरापासून पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक शिवीला मंगळी तान्ह्याला थोपटावं तशी म्हणत होती, "हां बाय. हां. अजून दे. हां."